संकष्टी नसलेला मंगळवार

बाटली विकायची असं ठरलं तेव्हा माझ्या विमानाला नऊ दिवस उरले होते. पुण्याला अंतराला, आमच्या एकुलत्या एका लेकीला, नववा महिना लागला होता आणि मी दोन महिने तिच्याजवळ राहायला निघाले होते. म्हणजे दोन महिने इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या दोन खोल्यांत हे एकटे. हे, आणि कपाटावरची ती बाटली.

हे म्हणजे आत्माराम साळवी. जवळच्या मुसफ्फात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं स्टोअर सांभाळतात. नटबोल्टपासून सेफ्टी शूजपर्यंत कुठली वस्तू कुठल्या फडताळावर आहे ते यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पंचवीस वर्षं झाली म्हणून गेल्या मार्चमध्ये कंपनीच्या स्कॉटिश साहेबाने सगळ्यांसमोर यांचा हात हातात घेतला आणि आपल्या गावाकडची व्हिस्की दिली. तीही पंचवीस वर्षं मुरलेली. लाकडी खोका, आत निळी मखमल, आणि खोक्यावर पितळी पट्टी. पट्टीवर इंग्रजीत यांचं पूर्ण नाव आणि ‘पंचवीस वर्षं’. यांचं नाव कुठे पितळेवर कोरलं जायची ती पहिलीच वेळ, आणि तेही नेमकं दारूच्या खोक्यावर.

साहेबाची चूक नव्हती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच्या तीन महिने आधी हे अल ऐनच्या साइटवर माल मोजता मोजता कोसळले होते. बारा दिवस तिथल्या हॉस्पिटलात. स्वादुपिंडाला सूज. डॉक्टरीणबाई मल्याळी होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी मला बाहेर घेतलं नाही, यांच्यासमोरच सांगितलं, “एक पण नाही. बर्थडेला नाही, न्यू इयरला नाही. पुन्हा आलात तर मी आहे, पण तुम्ही असाल की नाही सांगता येत नाही.”

आम्ही ऑफिसात, गावी, शेजारी, सगळीकडे सांगितलं की खडा झाला होता. खडा हा फार सोयीचा आजार आहे. त्यात कोणाची चूक नसते.

पण खडा काढलेल्या माणसाला दोन महिन्यांनी लोक पुन्हा ग्लास देतात. मग आम्ही उपास धरले. पार्टीत ग्लास पुढे आला की हे म्हणायचे, “आज संकष्टी आहे हो.” संकष्टी नसली तर एकादशी. मग श्रावण आला, तो अख्खा महिना मिळाला. मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. मधल्या कोरड्या दिवसांना अँटिबायोटिक. चौदा महिन्यांत आमच्या घरी तोंडी जेवढे उपास झाले तेवढे माझ्या सासूबाईंनी जन्मभरात केले नसतील. लोक म्हणायला लागले, आत्माराम फार देवाधर्माला लागला. हे बिचारे खाली मान घालून ऐकायचे. देवाला काय वाटत असेल ते देव जाणे.

तर बाटली. आधी ती तांदळाच्या डब्यामागे होती, मग बॅगेत कुलपात, मग कपाटावर गणपतीच्या मखराच्या सामानामागे. मी जागा बदलायचे आणि हे काही विचारायचे नाहीत. एका शुक्रवारी मी भाजी घेऊन आले तर स्टूल कपाटाशी. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, “पट्टी काळी पडली होती. चिंचेने घासली.” खोका काढून बघितला. सील जसंच्या तसं होतं, आणि पट्टी खरंच चकचकत होती. मी विश्वास ठेवला. आणि जेवताना कारण नसताना दोनदा यांच्याजवळून गेले, वास घ्यायला.

दमले होते मी. रागावलेली नव्हते, नुसती दमलेली. घरातल्या एका वस्तूवर अकरा महिने डोळा ठेवून बघा, म्हणजे कळेल.

त्या दिवशी जेवताना मी सरळच म्हणाले, “जायच्या आधी मी ती सिंकमध्ये ओतते.”

“ओत,” हे म्हणाले. पोळीचा घास तोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. सगळं झाल्यावर म्हणाले, “पण मग तुझा माझ्यावर भरवसा नाही असा त्याचा अर्थ होईल.”

“मग तुम्ही ओता.”

“मी कशाला ओतू? मला तिची भीती वाटते की काय?”

मी ताक वाढलं. ताक पिऊन झाल्यावर हे म्हणाले, “विकू या. विकली की व्यवहार झाला. व्यवहारात कोणाचा अपमान नसतो.”

मला पटलं. ओतणं म्हणजे आरोप, लपवणं म्हणजे पहारा. विकणं म्हणजे नुसतं विकणं. यांना मान खाली घालावी लागणार नाही आणि मला विमानात डोळे मिटता येतील.

मला काय माहीत, विकणं इतकं अवघड असेल! मुलीला स्थळ बघावं तसं मी त्या बाटलीचं बघायला लागले. कॉलेज काही मी केलेलं नाही, पण फोन हातात आल्यापासून मला कोणी अडवलेलं नाही. तीन दिवस दुपारी भांडी आवरून मी व्हिस्कीचे व्हिडिओ बघितले. बाटलीतली पातळी खांद्याच्या वर हवी, लेबल कोरं हवं, खोका मूळचा हवा. किंमत बघितली, सात हजार दिरहॅम. चोवीसने गुणलं, एक लाख अडुसष्ट हजार. पुन्हा गुणलं. तेवढेच आले.

वरच्या मजल्यावर कुणाल राहतो, बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. त्याला अशा बाटल्या जमवायचा नाद आहे, हे त्याच्या बायकोनेच, दियाने, मला रडत रडत सांगितलं होतं. त्याला बोलावलं. हे ड्यूटीवर होते.

“काकू, wow!” खोका बघून तो म्हणाला. “हे तर ऑक्शन मटेरियल आहे. लंडनला ऑनलाइन लिलाव होतात.”

“किती दिवस लागतील?”

“दोन-तीन महिने. पण इथून पाठवणार कशी? कुरियरवाला हात लावणार नाही.”

“मग इथेच फोनवर जाहिरात टाकते. सोफा नाही का विकला मी?”

तो खुर्चीतून उठलाच. “काकू, चुकून पण नको! लायसन्स नसताना दारू विकली तर सरळ आत. सोफा वेगळा.”

मी फोन उलटा ठेवला. तोवर त्याने खोका उघडला होता. मोबाइलचा टॉर्च लावून बाटली बघत होता, डॉक्टर पोराचा घसा बघतो तशी. मग थांबला.

“काकू, हे काय आहे? रक्त?”

“कुंकू आहे.”

“कुंकू?”

आता काय सांगू त्याला? दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर माझं मंगळसूत्र, दोघांचे पासपोर्ट, बँकेचं पुस्तक मांडलं होतं. यांनी खोका आणून मधोमध ठेवला. मी बघितलं, तर म्हणाले, “घरात माझं नाव कोरलेली दुसरी वस्तू कुठली आहे? लक्ष्मी म्हणतात ती हीच.” सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण हात थोडाच गप्प बसतो? हळदीकुंकू वाहत वाहत पुढे सरकला. खोक्याला लावलं. मग नुसत्या झाकणाला लावून कसं चालेल, आतल्या देवाला नको का, म्हणून झाकण उघडून बाटलीला लावलं. ओलं कुंकू. लेबलावर, बरोबर पंचवीसच्या आकड्यावर. अकरा महिने जिच्यावर मी पहारा देत होते, तिचीच मी पूजा केली होती, आणि माझ्या ते त्या क्षणापर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

“पुसलं तर निघेल?” मी विचारलं.

“लेबल पण निघेल. कलेक्टरला कोरी लागते, काकू. वर खोक्यावर काकांचं नाव. दुसऱ्याच्या नावाचा खोका कोण घेणार?” तो जरा ओशाळला. “मीच घेतली असती, पण दियाने बॅन केलंय.”

दियाला मनातल्या मनात आशीर्वाद दिला आणि त्याला चकल्या देऊन पाठवलं.

संध्याकाळी अंतराचा व्हिडिओ कॉल आला. पाय बादलीत सोडून बसली होती. ही मुलगी इथे वाढली, तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

“आई, just pour it down the sink, no? Why is it a whole project?”

“अगं, बाबांचं नाव आहे त्यावर.”

“The name is on the box, आई. Not on the bottle.”

मी म्हटलं, पाय पूस आता, गार पाण्यात किती वेळ बसतेस. पण तिचं वाक्य डोक्यात राहिलं.

उरले पाच दिवस. तेव्हा मी सत्यजितचं नाव काढलं.

“नको,” हे म्हणाले. “दुसरा कोणी बघ.”

सत्यजित घाग आणि हे एकाच वर्षी इथे आले. दुबईत देऱ्यात एका खोलीत आठ जण होते, त्यात या दोघांचे बंक एकावर एक. सत्यजित वर, हे खाली. पुढे सत्यजितने मसाल्याच्या बाजारात हमाली केली, मग दलाली, मग स्वतःचं सुक्यामेव्याचं दुकान. आता वर ऑफिस आहे, खाली गोदाम आहे. यांनी एकच नोकरी धरली आणि तीच सांभाळली. भांडण नव्हतं काही. फक्त हळूहळू फोन कमी झाले, आणि खड्यानंतर तर हेच टाळायला लागले. त्याच्याकडे गेलं म्हणजे बसणं आलं.

“त्याच्याकडे मोठी माणसं येतात, त्याला देण्याघेण्याला लागते,” मी म्हणाले. “आणि आपण काही घरी बसायला जात नाही. ऑफिसात जायचं, दुपारी. द्यायची आणि निघायचं.”

“कुठल्या दिवशी?” यांनी विचारलं, आणि नकळत फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मीही बघितलं. मंगळवार सोडला तर यांना सुट्टी मिळत नव्हती. त्या मंगळवारी काही नव्हतं. ना चतुर्थी, ना एकादशी. कोरा मंगळवार.

“दुपार आहे,” मी म्हणाले. “दुपारी कोण विचारतंय?”

यांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. “अरे आत्म्या! जिवंत आहेस? ये ये, मंगळवारी ये. वहिनींना पण आण. यल्ला!”

मंगळवारी आम्ही निघालो. खोका कापडी पिशवीत, वर बेसनाच्या लाडवांचा डबा, वर माझी ओढणी. अंगावर पंधरा तोळे घालून मी याच रस्त्याने लग्नांना गेलेय, पण इतकी कधी घाबरले नव्हते. पोलिसाची गाडी शेजारून गेली तर मी डबा घट्ट धरला, जसे काही लाडूच बेकायदा आहेत. हे समोर बघून गाडी चालवत होते. दुबई आली तेव्हा म्हणाले, “ती खोली कुठे होती दाखवू का? आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.” पण गाडी काही वळवली नाही.

सत्यजितच्या ऑफिसात जिना चढतानाच वेलदोड्याचा वास येतो. माणूस सुटलाय, केस गेलेत, पण मिठी तशीच, आवळून. “वहिनी, तुम्ही अजून तश्शाच. हा मात्र वाळला. काय रे, जेवायला मिळत नाही का?”

“खडा झाला होता ना,” मी घाईने म्हणाले.

“हो, कळलं होतं. मला कळवलं नाहीत ते नाहीत.” त्याने खोका टेबलावर घेतला, पट्टी वाचली, दोनदा वाचली. “पंचवीस वर्षं. एका ठिकाणी. मला नसतं जमलं, आत्म्या.” टोमणा मारतोय का ते मी बघितलं. मारत नव्हता.

मग त्याने झाकण उघडलं आणि मी डोळेच मिटले.

“कुंकू?” तो म्हणाला. “लक्ष्मीपूजनाला मांडली होतीत?”

“चुकून,” मी म्हणाले.

“चुकून काय वहिनी! पूजेतली बाटली! ही मी कोणाला देत नाही, ही मीच ठेवणार. माझी आई तराजूला लावायची, मापट्याला लावायची. हिला इथे कुंकू लागलंय म्हणजे धंद्याला शुभच. सांगा, किती द्यायचे?”

जे बोट लागलं म्हणून कुणालने किंमत पाडली, त्याच बोटाने इथे चढली. पण यांनी मध्येच हात वर केला. “पैसे नको. विकणं बिकणं इथे चालत नाही. आम्ही तुला भेट देतोय.”

“मग मीही भेट देतो,” सत्यजित म्हणाला. “वहिनी कशाला चालल्यात पुण्याला? बाळंतपणाला ना? अलीमियाँ!”

अलीमियाँ म्हणजे त्याचा पॅकिंगवाला, दापोलीकडचा म्हातारा, पांढरी दाढी. सत्यजितने बसल्या जागेवरून हुकूम सोडले. खारीक, बदाम, पिस्ते, अंजीर, पाच किलो चांगला डिंक, केशर शंभर ग्रॅम.

“हळीव पण आहेत का?” मी विचारलं. लाज सोडायची तर पुरती सोडावी.

“आहेत की, बाय,” अलीमियाँ म्हणाले. “हिकडं त्याला हब रशाद म्हणतात. बाळंतिणीला ह्या लोकांत पण देतात.”

“माझं सामान तीस किलोच नेता येतं हो,” मी म्हणाले. हे हसले. किती दिवसांनी हसले. मला वाटलं, झालं. व्यवहार झाला. दीड लाखाच्या बाटलीचे डिंकाचे लाडू होणार, आणि मी गुरुवारी विमानात झोपणार.

आणि तेवढ्यात सत्यजितने टेबलाच्या खणातून तीन ग्लास काढले.

“अरे, कशाला?” हे म्हणाले.

“कशाला म्हणजे? तुझी पंचवीस वर्षं आहेत ही. तुझ्यासोबत नाही फोडायची तर कोणासोबत? वहिनी, तुम्हाला ज्यूस मागवतो.”

आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्याने बूच फिरवलं. सील तुटल्याचा आवाज अगदी बारीक आला, सुकं पान मोडावं तेवढा. अकरा महिने रोज ते सील मी डोळ्यांनी चाचपलं होतं. मग वास आला. वेलदोडा, केशर, सगळ्याच्या वरून आला. मी यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही. यांच्या खुर्चीचा आवाज मात्र ऐकला, पुढे सरकल्याचा.

सत्यजितने ओतलं. मधाच्या रंगाचं. ग्लास यांच्यापुढे सरकवला.

माझं तोंड आपोआप उघडलं. “यांचा आज...”

“उपास?” सत्यजित मोठ्याने हसला. “वहिनी, सगळीकडून ऐकतोय मी. आत्माराम महाराजांचे उपास! म्हणून सकाळीच कॅलेंडर बघून ठेवलं. आज चतुर्थी नाही, एकादशी नाही, श्रावण तर नाहीच नाही. आज नुसता मंगळवार आहे. आज सुटका नाही.”

मी अँटिबायोटिक म्हणणार होते. शब्द जिभेवर होता. यांनी माझ्या हातावर हात ठेवला. गार होता.

दुसरा हात यांनी ग्लासावर पालथा ठेवला, पानावर नको म्हणताना ठेवतात तसा.

“उपास नाही,” हे म्हणाले. “एकही नव्हता. आणि खडाही नव्हता, सत्या. दारूनेच झालं होतं. अल ऐनला बारा दिवस होतो. डॉक्टर म्हणाली, एक पण नाही.”

सत्यजितचा ग्लास तोंडाजवळ होता, तिथेच राहिला.

“मला एकावर थांबता येत नाही,” हे म्हणाले. “हे तुला माहिती आहे. खोलीतल्या सगळ्यांना माहिती होतं. हिला तर सगळ्यात जास्त.” माझ्याकडे बघितलं नाही, पण माझा हात सोडला नाही. “आता ही गावी जाणार. दोन महिने. म्हणून बाटली इथे आणली. तुझ्यासाठी नाही आणली रे. माझ्या घरात नको म्हणून आणली.”

खाली गोदामात कोणीतरी टेप ओढत होतं, चर्र चर्र. यांचा तळवा अजून ग्लासावर होता. मला वाटत होतं, आता उचलतील. एवढं बोलून झाल्यावर माणूस उचलतोच. ओशाळवाणं म्हणजे तेव्हाही मी वासच घेत होते.

सत्यजितने आपला ग्लास खाली ठेवला. डोक्यावरून हात फिरवला.

“पहिली मीच ओतली होती तुला,” तो म्हणाला. “खोलीत. स्टीलच्या पेल्यात.”

“हो,” हे म्हणाले. “पण दुसरी मी मागितली होती.”

सत्यजित उठला. यांच्या तळव्याखालचा ग्लास हळूच काढून घेतला, दोन्ही ग्लास मागच्या बेसिनमध्ये रिकामे केले आणि नळ सोडला. अकरा महिने जे मला करायचं होतं ते त्याने अर्ध्या मिनिटात केलं, आणि कोणाचा अपमान झाला नाही. मग बूच लावलं. बाटली लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली फिरवली.

“अलीमियाँ!” त्याने जिन्यात हाक मारली. “तीन सुलेमानी.”

“साखर?” खालून आवाज आला.

“सगळ्यांना!”

आम्ही काळा चहा प्यायलो. थोडं बोललो, अंतराबद्दल, त्याच्या मुलाच्या ॲडमिशनबद्दल. निघताना सत्यजित म्हणाला, “आता ही मी कशी पिऊ रे, आत्म्या? प्रत्येक वेळी तू आठवणार.”

“तुझं तू बघ,” हे म्हणाले. “माल तुझा झाला. खलास.”

खोका मात्र त्याने परत दिला. “नावाचा आहे, मी ठेवून काय करू?” अलीमियाँनी निळ्या मखमलीतल्या बाटलीच्या खळग्यात डिंकाची पिशवी बसवली. जरा दाबावी लागली, पण बसली. केशराच्या डब्या बाजूला.

येताना गाडीत मी काहीतरी बोलायला हवं होतं. शाबास म्हणायचं तर यांना लहान केल्यासारखं होतं. मी लाडवांचा डबा उघडून एक लाडू यांच्या हातात दिला. डबा सत्यजितला द्यायचा राहूनच गेला होता. हे एका हाताने गाडी चालवत खात होते. थोड्या वेळाने म्हणाले, “तो वास अजून नाकातून जात नाहीय.”

“बाजूला घ्या गाडी.”

“नको. घरी जाऊ.”

मला काही भ्रम नाही. एक बाटली गेली. जिथे मिळते ती दुकानं तिथेच आहेत, आणि यांना रस्ता माहीत आहे. दोन महिने मोठे असतात.

घरी आल्यावर हे फ्रिजपाशी पाणी प्यायला गेले आणि तिथेच उभे राहिले. कॅलेंडरवर मी दोन महिन्यांच्या खुणा करून ठेवल्या होत्या, लाल पेनाने. महाशिवरात्र, एकादश्या, संकष्टी, पुढे चैत्रातलं नवरात्र, रामनवमी. मधे रमजान आहे, त्यात कोणी विचारतच नाही. शनिवारी कंपनीचं गेट-टुगेदर होतं आणि त्या दिवशी काहीच सापडेना, म्हणून मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘दाढ काढली.’

यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मी डिंक डब्यात भरत होते, पाठमोरी.

“सविता, पेन दे.”

दिलं. यांनी दाढ खोडली. दोनदा रेघ मारली.

“दाढा शाबूत आहेत माझ्या,” म्हणाले.

“आणि बाकीचं?”

यांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पेनाला टोपण लावून माझ्या हातात दिलं.

“बाकीचं राहू दे,” म्हणाले. “सगळ्यांना एका दमात सांगायला जमायचं नाही मला.”